मामांनी रस्ता बघितला

मामा मोटरसायकलवर मागे बसले की गाडी मी चालवते आणि तोंड ते चालवतात. परवा मानवतहून पाथरीला निघालो, तर पुढे उसाचा ट्रॅक्टर. ट्रॉलीबाहेर ऊस इतका लोंबत होता की समोरचं काहीच दिसेना. मी मागेच राहिले.

"काढ की पुढं. रस्ता मोकळा हाय," मामा म्हणाले.

मोठ्यांचं मी कधी ऐकत नाही, तेव्हा नेमकं ऐकलं. ट्रॉली संपते न संपते तोच पुढे दुसरी ट्रॉली जोडलेली, आणि समोरून जीप. ब्रेक मारून कशीबशी मागे आले. गाडी कडेला घेतली.

"मामा, तुमी बघितलं तरी का?"

"बघितलं की. डावीकडून."

डावीकडून कापसाचं शेत दिसतं. पण मलाच दिसत नव्हतं, तर मी गाडी काढायलाच नको होती. आता घरी कळलं की माझी गाडी बंद, म्हणून मामांना 'सांगू नका' म्हणायला मागे वळले.

मामाच हळूच म्हणाले, "मामीला सांगू नको. ती मला एसटीनं धाडंल, आन् तितला डायव्हर माझं ऐकत न्हाई."