सत्तावीस रकाने आणि सुतारकाकांची टाच

...आणि वर साहेब मलाच विचारतात, लोक रकान्यांत नुसते ठिपके का टाकतात म्हणून! अहो, दुसरं काय टाकणार? तुम्हाला सांगतो, सत्तावीस रकाने, एकही भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सोडत नाही, आणि समोर पेशंट कंबर धरून उभा... उंची विचारली, वजन विचारलं, कोणत्या कुशीवर झोपता ते विचारलं, 'व्यायामाकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोन' विचारला. माझा दृष्टिकोन मला माहीत नाही, बायकोला माहीत आहे, पण ती बिचारी चारचौघांत बोलत नाही.

हे रकाने केले कोणी? मीच. थांबा, नीट सांगतो.

आमची कंपनी फिजिओथेरपीच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात साहेबांनी एआय आणलं. म्हणजे काय, तर डॉक्टरबाईंनी बटण दाबायचं आणि पेशंटने घरी करायच्या व्यायामांचा कागद एआयने लिहून द्यायचा. लिहिण्याआधी त्याने काय काय विचारायचं, हे ठरवणं माझं काम. मी चारच प्रश्न ठेवले होते हो! साहेब म्हणाले, "संदर्भ कमी पडतोय." लाडका शब्द. चहात साखर कमी असली तरी संदर्भच कमी पडतो त्यांना. मग मार्केटिंगच्या बाई आल्या, वकील आले, हिशेबवाले आले, आणि प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी एकेक प्रश्न मागे ठेवून गेलं, लोक छत्री विसरतात ना, तसं... फरक एवढाच की छत्री न्यायला माणूस परत येतो.

महिन्याभरात आकडे आले. दहातल्या आठ रकान्यांत ठिपका. आणि आमचं एआय इतकं सालस, की सत्तावीस ठिपके पाहूनही म्हणत नाही, बाबांनो, मला काही कळलं नाही. ते लिहितं, 'आपल्या परिस्थितीचा सर्वांगीण विचार करून...' कसली परिस्थिती? ठिपका! साहेबांनी निदान केलं, संदर्भ कमी पडतोय, तू दवाखान्यात जाऊन बघ.

गेलो. सहा खुर्च्या, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र, कोपऱ्यात हा एवढा निळा चेंडू. आत डॉक्टरबाई एका हाताने कोणाचा तरी खांदा फिरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने ठिपके टाकत होत्या, टिक टिक टिक... सत्तावीस ठिपके अकरा सेकंदांत, घड्याळ लावून मोजले मी. ओळख करून दिली, म्हटलं हे मी बनवलंय. रस्ता खणून ठेवणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने बघितलं त्यांनी. म्हणाल्या, "तुम्हीच का ते."

तेवढ्यात एक सत्तरीचे गृहस्थ काठी टेकत आले. काउंटरवरच्या ताई मला हळूच म्हणाल्या, हे सुतारकाका, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काकांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, काउंटरवर हाताने सपाट केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. आमच्या एआयचा कागद. 'घरातील व्यक्तीला टाच धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा.'

काका म्हणाले, "ताई, बाकी सगळं करतो. हे तेवढं राहिलंय. कोणाला सांगू?"

तक्रार नव्हती हो. नकाशात दाखवलेला स्क्रू खोक्यात सापडत नाही, अशा सुरात विचारलं त्यांनी. बायको मागच्या वर्षी गेली, मुलगी दूर देशी, घरात हे एकटे. मग काय, कारागीर माणूस, दोरीने टाच पलंगाच्या पायाला बांधून बघितली आणि पडले. कोपर सोलवटलेलं दाखवलं, वर आम्हालाच समजावलं, गाठ चुकली माझी.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला कुठे बघावं कळेना. मी आपला चेंडूकडे बघत बसलो.

ताईंना विचारलं, हे एकटे राहतात हे तुम्हाला कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, त्यात काय, पुढची वेळ देताना मी सगळ्यांनाच विचारते, घरी कोण असतं हो? बाकीचं माणूस आपणहून सांगतो. म्हणजे सगळा संदर्भ काउंटरवर बसलेला, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ताईंना शिरायची परवानगीच नाही! कोणी दिली नाही? मीच.

ऑफिसात गेलो आणि पंचवीस रकाने उडवले. दोन ठेवले. घरी सोबत कोण असतं? सध्या काय करायला जमत नाही? आणि उत्तर माहीत नसेल तर एआयने कागद लिहायचा नाही, आधी विचारायचं. विचारायचं ताईंना. साहेब म्हणाले, दोनच? अरे, संदर्भ... मी त्यांना दोरी सांगितली, पलंग सांगितला, कोपर सांगितलं. वकिलांनी पेन खाली ठेवलं. साहेबांनी विचारलं, "फार लागलं का त्यांना?" आणि मंजूर झालं. ठिपके बरेच कमी झालेत आता. साहेब गावोगाव व्याख्यान देतात, 'कमी विचारा, नेमकं विचारा'. दीड तास चालतं.

पण माझं काय झालं ते ऐका. त्या दिवशी दवाखान्यातच डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "कागद तुमचाच ना? मग धरा टाच." धरली. तेव्हापासून दिवसाआड संध्याकाळी काकांच्या घरी जमिनीवर बसून मी टाच धरतो. बायको म्हणते, घरी कधी पाण्याचा ग्लास धरला नाहीस. आणि काका बोलतात हो... काकूंशी पहिलं भांडण, पाहुण्यांसमोर न उघडलेलं कपाट, मुलीचा अबोला, सगळं. मोजायचं त्यांनी असतं, पण सातावर पोचले की गोष्ट रंगात येते.

मी म्हणतो, "काका, सात झाले होते."

"छे, लक्ष नव्हतं माझं. पहिल्यापासून घेऊ."

घेतो. काय करता... एक.