डाव्या हातानं दिलेली भाकर

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "शांतवन मास्तर, तुम्ही त्या साहेबाला सांगितलं तरी काय?" अहो, मी काय सांगणार! मी दुभाषा. तिकडचं इकडं, इकडचं तिकडं! मधल्या माणसाला स्वतःचं तोंड असतं का कधी?

तुम्हाला सांगतो, शहाण्णव सालचा जानेवारी. कोल्हारजवळच्या आमच्या वाडीला थेट अमेरिकेहून ग्लेनसाहेब आले, सुवार्ता सांगायला. आता आम्ही पणज्यापासून ख्रिस्ती, पण एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला "आम्हाला ठाऊक आहे" असं तोंडावर म्हणायचं कसं? आणि सामान काय! जनरेटर, भोंगे, आणि तो प्रोजेक्टर... साहेबानं मुंबईपासून मांडीवर धरून आणलेला, तान्ह्या लेकरासारखा. त्यात येशूची फिल्म, त्यांनीच तिकडं काढलेली, आणि येशू बोलणार मराठीत!

झालं! आमच्या आईची, भागूबाईची, झोप उडाली. तिचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. म्हणते, "शांत्या, जल्मभर नुसतं ऐकलंय रं त्येचं. ह्यो डोळा जायच्या आत एकदा त्येला बघू दे." मी म्हटलं, बघ की! मशीन कशासाठी आलंय?

तर चर्चच्या आवारात लिंबाला आणि खांबाला पांढरा पडदा बांधला. पुढं पुरुष बसले, आणि पडद्याच्या मागं बायका. जत्रेतल्या सिनेमाला आमच्याकडं असंच बसतात. पातळ कापड, दोन्हीकडून दिसतं. साहेबाला वाटलं मागं जागा मोकळीच आहे, आणि मी कशाला सांगतोय? मी खांबाशी उभा, मधे, मला कुठलीच बाजू धड दिसेना!

फिल्म सुरू झाली. येशू बोलायला लागला, तो अगदी पुणे आकाशवाणीच्या बातम्यांसारखा. मग आलं शेवटचं भोजन. येशूनं भाकर घेतली, मोडली, पुढं केली... आणि पडद्यामागनं आई ओरडली, "बंद करा! ह्यो आपला येशू न्हाई!"

जनरेटरसकट सगळं बंद. साहेब मला विचारतो, "काय म्हणतात त्या?" मी पळत मागं. आई पडद्याकडं बोट करून म्हणाली, "डाव्या हातानं दिली त्येनं भाकर! लहानपणी गावात मागायला जायचो, तवा वट्यावरनं डाव्या हातानं टाकायचे आमच्या पदरात. माझ्या आज्यानं सांगितलं हुतं, ह्यो येशू उजव्या हातानं देतो, शेजारी बसवून देतो. म्हनून तर आपन त्येचे झालो, शांत्या! आन आता ह्यो बी..."

कसं सांगू हे इंग्रजीत? डावा हात म्हणजे लेफ्ट हॅन्ड, एवढंच येतं की मला! पण सांगितलं, जमेल तसं, अडखळत. साहेबानं जनरेटर पुन्हा चालू केला. मग पडद्यामागं जाऊन उभा राहिला, आणि कपाळावर हात मारला. मागनं सगळं उलटं दिसतं ना! धावत गेला, मशीनला एक बटण होतं, ते दाबलं. चित्र फिरलं. बायकांकडं उजवा हात! हालेलुया!

हालेलुया कसलं! इकडं पुरुषांत पुंजाराम पंच उठले. "ओ मास्तर! आमच्याकडं डावा आला की! आमी काय पाप केलंय?" साहेबानं बटण दाबलं, बायका उठल्या. पुन्हा दाबलं, पुरुष उठले. एवढं अमेरिकेचं मशीन, पण येशूला दोन्हीकडं उजवा हात काही देईना! साहेब म्हणतो, "सगळे एका बाजूला का नाही बसत?" मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मी दुभाषा, तिकडचं इकडं! पंच म्हणाले, "बायका पुढं बसणार? आमच्या?" कुणी हलेना.

आणि मग आई उठली. पदर खोचला, खांबाला चाचपत पडद्याला वळसा घातला, आणि पुरुषांच्या मधून सरळ पुढं जाऊन बसली, अगदी पहिल्या रांगेत, पंचांच्या पुढ्यात. म्हणाली, "सरका मागं. मला येका डोळ्यानंच बघायचंय." तिच्यामागनं एकेक करत सगळ्या आल्या. पंच सरकले. काय करतात? साहेबानं शेवटचं एकदा बटण दाबलं. भाकर पुन्हा मोडली गेली, उजव्या हातानं, आणि आईनं अंधारात आपली ओंजळ पुढं केली. बराच वेळ तशीच होती.

पावसाळ्यापर्यंत तो डोळाही गेला. पण आई कुणालाही सांगते, "म्या बघितलंय त्येला." चांगलंच झालं की, माझं कुठं काय म्हणणं आहे!

पण तेव्हापासून साहेब दरवर्षी येतात. फिल्म तीच. पुढं बायका, मागं पुरुष, आणि पंचांच्या रागामुळं सगळ्यात मागं, चपलांपाशी, मी. समोर नुसत्या टोप्या नि फेटे, आणि त्यांच्या पलीकडं अंबाडे. वाडीतल्या आंधळ्या म्हातारीनं येशू पाहिला, आणि मी, दोन धड डोळ्यांचा, दरवर्षी शेजारच्याला विचारतो... "दिली का रे भाकर? कोणत्या हातानं?"