औषधाआधीची लस

सांधेदुखीसाठी पहिलंच सलाईन घ्यायला आलेल्या शिवणक्लासवाल्या बाईंच्या मागे दोघी जावा बोलत होत्या.

"नातीला भेटलात, जाऊबाई?"

"काचेतून. घरात सगळ्यांना खोकला, मला लागू नये म्हणून आत घेत नाहीत."

"फ्लूची लस घेतलीत ना?"

"घेतली गं, पण या सलाईननंतर. माझ्याच सांध्यांवर उठलेल्या रक्तातल्या 'बी' पेशी त्यातल्या औषधानं मारल्या. लशीचा धडा गिरवणाऱ्याही त्याच! रिकाम्या वर्गात मास्तर येऊन काय उपयोग?"

"आधी घ्या म्हणून कुणी सांगितलं नाही?"

"डॉक्टरांनी दहादा सांगितलं. मीच टाळली."

"का पण?"

"दंड दुखला, तर बाळाला उचलणार कशी?"

सिस्टरने बाईंना हाक मारली. बाईंनी वर केलेली बाही खाली ओढली.

"आज सलाईन नको. माझी लस राहिलीय."