आठवी ‘ब’

बापूसाहेब : न्हाई म्हंजी न्हाई! मी या हायस्कुलाचा चेअरमन, आन् माझा मच्छिंद्र आठवी ‘ब’त? अख्खं राहू गाव तोंडावर हसंल माझ्या.

हेडमास्तर : बापूसाहेब, गेल्या जूनमध्ये तुम्हीच अर्ज धाडलात. एका खोलीत सत्त्याऐंशी पोरं कोंबलीत, दुसरी तुकडी द्या. सरकारनं दिली.

बापूसाहेब : दिली, झ्याक केलं. पण तिच्यात बसायचं ते दुसऱ्यांनी.

हेडमास्तर : दुसरेही हेच सांगून गेले. सकाळपासून रांग होती. जो तो आपलं पोर ‘अ’त घालून गेला. मच्छिंद्रही ‘अ’त गेला, आता ‘ब’त अकरा उरलीत. ज्यांच्यासाठी बोलायला कोणी आलं नाही, ती.

बापूसाहेब : मंग बराबर हाय की. ब म्हंजी बावळट, ब म्हंजी बिनकामाचा, ब म्हंजी...

दयाबाई : बापूसाहेब.

बापूसाहेब : काय?

दयाबाई : काही नाही. ‘ब’वरून आठवलं ते सांगितलं.

बापूसाहेब : या कवा आल्या?

हेडमास्तर : तुमच्या आधी. दवाखान्यातल्या नर्स, दयाबाई. यांची मुलगी दबोरा सातवी पास झाली. फायनलला गणितात केंद्रात पहिली. तिला आठवीत घालायला आल्यात.

बापूसाहेब : वर्ग भरलाय, बाई. कमिटीचा ठराव हाय, ‘अ’त आता नवी भरती बंद. शिरूरला तुमच्या मिशनचं बोर्डिंग हाय की.

दयाबाई : तेही भरलंय. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या गावात हायस्कूल निघालंय ना, मग इकडे कशाला येता?

बापूसाहेब : तर दवाखान्यात घ्या हाताखाली. पट्ट्या बांधायला गणित कशाला लागतंय?

दयाबाई : पट्ट्या बांधायला मी आहे. तिला शिकायचंय. आणि वर्षभर घरी बसवलेली मुलगी पुन्हा शाळेत गेलेली मी तरी पाहिली नाही, बापूसाहेब. या जूनमध्ये नाही, तर कधीच नाही.

बापूसाहेब : फी झेपंल का पर?

दयाबाई : पूर्ण भरीन.

हेडमास्तर : त्यांना भरावीच लागेल. ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची, फीमाफी मिळत नाही. पगार सही करून घेतात ना, त्यामुळे उत्पन्न दिसतं.

दयाबाई : आणि मच्छिंद्रची?

हेडमास्तर : मच्छिंद्रला माफी आहे. तलाठ्याचा दाखला जोडलाय. वडिलांचं उत्पन्न अत्यल्प.

बापूसाहेब : शेतीचं काय खरं असतंय, मास्तर?

हेडमास्तर : अगदी. ज्याच्या विहिरीवर इंजिन बसतं तो त्याच साली गरीब होतो, असं मी बघतोय. यंदा दोन गुऱ्हाळवालेही गरिबीत आले. पूर्ण फी भरणाऱ्यांत आता पोस्टमन, एस्टीचे कंडक्टर आणि ह्या. बाकी गाव भिकेला लागलंय.

दयाबाई : मी रोज गोरगरिबांसाठी प्रार्थना करते. आजपासून बापूसाहेबांचंही नाव घालते.

बापूसाहेब : बाई, जीभ लई चालती तुमची.

दयाबाई : इंजेक्शन द्यायची सवय, बापूसाहेब. टोचल्यावर लोक ओरडतात, मग बरे होतात. सर, तुम्ही दबोराला ‘ब’त का नाही घालत?

बापूसाहेब : ‘ब’त? घाला की! ‘ब’ला ठराव न्हाई. तितं कुणीबी बसंल.

दयाबाई : उपकार झाले. येताना खोली पाहिली मी. वर नवी कौलं, आत नवी बाकं. भिंतीला अजून चुन्याचा वास येतो.

बापूसाहेब : बाकं? कसली बाकं?

हेडमास्तर : नव्या तुकडीबरोबर आली. ‘अ’ला आहेत ती तरटं. शिवाय नव्या तुकडीसाठी एक शिक्षकही मिळालेत. बी.एस्सी. आहेत, गणित सुरेख शिकवतात. नोकरी नवी आहे, अजून आमच्यासारखे झालेले नाहीत.

बापूसाहेब : आन् माझं पोरगं तरटावर?

हेडमास्तर : तरटाच्या टोकाला. उंच आहे म्हणून मागं बसतो. मी फळ्यापाशी जे बोलतो ते त्याच्यापर्यंत मधल्या सुट्टीच्या सुमारास पोचतं.

बापूसाहेब : म्हंजी फुकट्यांना बाकं आन् आमाला तरटं?

दयाबाई : फुकटे कोण, ते आत्ताच ठरलंय.

बापूसाहेब : तुमी मधी बोलू नका! मास्तर, सोपं काम हाय. ‘अ’ची पाटी काढा आन् नव्या खोलीवर ठोका. ‘अ’ची पोरं बाकांवर. ती अकरा जुन्या खोलीत तरटावर.

हेडमास्तर : ‘अ’ची सगळी? पाऊणशे आहेत. नवी खोली जुनीपेक्षा लहान आहे.

बापूसाहेब : मंग काय एकटा मच्छिंद्र नेऊ? कमिटीवाल्यांची पोरं मागं ठिवली तर माझी खुर्ची ऱ्हाईल का? सगळी न्या. एका बाकावर पाच बसतील.

हेडमास्तर : सात लागतील.

बापूसाहेब : सात बसवा! खाली तरटावर बसण्यापरीस बाकावर दाटीत बरं. आन् मास्तर, ते नवीन सर आमच्या ‘अ’ला पायजेत.

हेडमास्तर : ‘अ’ला त्यांचा तास दिलाच आहे, बापूसाहेब. आठवड्यातून तीन वेळा.

बापूसाहेब : आता कसं बोललात! चला, भांडगावला सोसायटीची मीटिंग हाय. आजच पाटी ठोका.

(बापूसाहेब जातात. बाहेर जीप सुरू होते.)

दयाबाई : गरिबाची जीप लवकर सुरू होते हो.

हेडमास्तर : सासऱ्यांच्या नावावर आहे.

दयाबाई : सर, माझं काय झालं ते एकदा सांगा. माझ्या मुलीची बाकं गेली, खोली गेली, सरही गेले. मी पूर्ण फी भरून तिला तरटावर बसवायचं?

हेडमास्तर : तरटावर बसावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. पण खोलीत बारा मुलं असतील आणि ती पुढं बसेल.

दयाबाई : पुढं बसून बघायचं कोणाकडे? ते सर तर तीन तास तिकडे.

हेडमास्तर : तिकडे ते ड्रिल घेतील.

दयाबाई : काय?

हेडमास्तर : ड्रिल. कवायत. बापूसाहेबांनी सर मागितले, विषय मागितला नाही. गणिताला ‘अ’कडे मी आहे. पाऊणशे पोरांत मी शिकवलं काय, न शिकवलं काय, फरक कळायला कोणी ऐकतंय कुठं? ‘ब’ला गणित आणि शास्त्र ते शिकवतील. वेळापत्रक मी लिहितो.

दयाबाई : पण मच्छिंद्र घरी जाऊन सांगेल ना.

हेडमास्तर : मच्छिंद्रला ड्रिल फार आवडतं. तो कशाला सांगेल?

दयाबाई : आणि कमिटीनं कधी विचारलं, ‘ब’त काय शिकवतात म्हणून?

हेडमास्तर : तीच एक धास्ती आहे मला. विचारलं तर आपल्या दोघांचीही पंचाईत.

दयाबाई : मग दबोराला उद्याच पाठवते. बाजूला टाकलेल्यांत काय चाललंय ते कोणी विचारीत नाही, सर. आमची वस्ती गावाबाहेर आहे, मला माहीत आहे.