पट्ट्याचा झोळ

(१९९४. खानदेशातलं एक रेल्वेचं गाव, रविवारची सकाळ. शेडमागच्या रुळावर तीस वर्षांपूर्वीचं डिझेल इंजिन. अंगावरचा मरून रंग वाळलाय, पिवळा पट्टा ओढायचा बाकी आहे.)

उखर्डू : ...आता दोन शिंगं तेवढी लावा, गोंडे बांधा अन् पोळ्याला मिरवा. हा मरून शे? कुंकवात काजळी कालवली असती तर याच्यापेक्षा बरा उतरला असता.

जीवराम : उखर्डूनाना, सहा रविवार झाले. तुम्ही नुसते स्टुलावर बसून नावं ठेवता. बँकेतले लोक, शाळेतल्या बाई, सगळे हौसेनं राबताहेत. कोणी कपभर चहासुद्धा मागितला नाही.

उखर्डू : मागायचा व्हता. चहा पीत बसले असते तर इंजिन वाचलं असतं. तुमच्या त्या बाईंनी ग्रीस न पुसता ब्रश फिरवला. पोटाखाली वाकून पाहा, रंगाला कांजण्या आल्यात. अन् तुम्ही जन्मभर पार्सलच्या पेट्यांवर नंबर टाकले, तेवढ्यावर बठ्ठ्या रंगाऱ्यांचे मुकादम झाले.

जीवराम : म्हणून तर तुम्हाला सोनगीरहून बोलावून घेतलं. याचा पहिला पट्टा तुमच्या हातचा. बुधवारी इंजिन बागेतल्या चौथऱ्यावर चढेल. पट्टा आजच हवा. आणि जसा होता तसाच, वाकडा.

उखर्डू : वाकडा?

जीवराम : जुना रंग खरडण्याआधी मी तो कागदावर उतरवून घेतलाय. खिडकीखाली चार बोटांचा झोळ. नंतरचे रंगारी त्याच रेघेवर पिवळा फिरवत गेले, म्हणून टिकला. वरणगावच्या फाटकातली पोरंसुद्धा त्या झोळावरून हे इंजिन ओळखायची. मी पाटीही करून घेतलीय.

बेबाबाई : जीवरामभाऊ, ती पाटी एकदा वाचा बरं मोठ्यानं.

जीवराम : तुम्ही कशाला, बेबाबाई... तुम्ही इंजिनाचे दांडे राखेनं घासताय ते किती छान चमकताहेत.

बेबाबाई : दांडे कुठं पळत नाहीत. वाचा.

जीवराम : ‘पट्टा आखताना कौतिक खलाशी यांनी दोरीचे टोक ढिले सोडल्याने हा झोळ पडला. सहकारी त्यांना लाडाने ढिल्या म्हणत.’ लोकांना जरा गंमत वाटावी, एवढंच.

बेबाबाई : लाडानं? मी त्यांची बायको, मला तर हा लाड कधी दिसला नाही. नळावर हंडा लावला की बाया सुरू व्हायच्या : ‘ढिल्यानं धरली दोरी, पट्ट्याला आली घेरी.’ माझ्या पोराच्या हळदीत त्याच्या सोबत्यांनी तेच म्हटलं. तो हसला त्यांच्यासमोर. घरात येऊन पाटावरून उपाशी उठला. हे गाणं कोणी जोडलं हो, उखर्डूभाऊ?

उखर्डू : शेडात शंभर तोंडं व्हती.

बेबाबाई : जोडणारं एकच असेल. बरं, तुम्ही एवढे पेंटर. नीळ लावलेली दोरी दोघं दोन टोकांना ताणतात, मधे टिचकी मारली की रेघ उठते. मग झोळ पडला तर कोणत्या टोकाला ढिली होती, हे रेघेवरून कळतं?

उखर्डू : नही कळत. झोळ मधेच पडतो.

बेबाबाई : मग ढिलं टोक यांचंच, हे शेडच्या साहेबाला कसं कळलं?

उखर्डू : विचारलं त्यानं.

बेबाबाई : कोणाला?

उखर्डू : तुम्ही दांडे घासा. राख कमी पडू ऱ्हायली.

बेबाबाई : राख कमी नाही पडली आमच्या घरी. पेंटमधून काढून त्यांना कोळशाच्या इंजिनांच्या राखेच्या खड्ड्यावर टाकलं, ते निवृत्त होईपर्यंत. ब्रश धरायची फार हौस माणसाला. घरातली कडी, कोयंडा, पाळण्याची साखळी, काही सोडलं नाही रंगवायचं. मरेपर्यंत एकच बोलायचे, ‘बेबे, माझ्या बोटाला दोरीचा वळ उठला होता. ढिली दोरी वळ उठवते का गं?’

जीवराम : नाना?

उखर्डू : माझ्याकडं काय पाहता? दोरी भिजवा. झोळ मी हातानं काढेन, पण खाली सरळ रेघ पाहिजे. त्या टोकाला कोण? तुमचा बँकवाला नको, तो दोरी मोजत बसेल.

बेबाबाई : मी धरते.

उखर्डू : बाईमाणसाचं काम नही ते.

बेबाबाई : ढिल्याची बायको मी. रेघ बिघडली तर पाटी तयारच आहे.

उखर्डू : ...धरा. ओढा. अजून.

बेबाबाई : ओढली. तुमची कुठं ताठ आहे? खिशात काय शोधताय?

उखर्डू : बिडी. हाताला सवय शे.

बेबाबाई : जीवरामभाऊ, पेंट शेडात तेव्हा बिडी पेटवली तर काय व्हायचं?

जीवराम : व्हायचं काय, त्याच दिवशी नोकरी गेली. थिनरचे डबे उघडे असायचे तिथं.

बेबाबाई : दोरी हातात असताना काडी कशी ओढायचे, उखर्डूभाऊ?

उखर्डू : टोक दातात धरून.

जीवराम : म्हणजे त्या दिवशी...

उखर्डू : दातात दोरी धरून माणूस किती ओढणार? साहेब दारात आला, मी बिडी चुरगाळून खिशात टाकली. त्यानं विचारलं. मी बोट दाखवलं. कौतिक नुसता पाहत राहिला माझ्याकडं. मग कौतिकनं बोलायच्या आत लोकांनी त्याला हसावं, म्हणून ते गाणं जोडलं.

जीवराम : आणि मी तेच पाटीवर...

उखर्डू : तुमचं तोंड आता का अडलं? सहा रविवार बंद नव्हतं. ती पाटी इकडं आणा. अन् पांढरा डबा आणा, त्या बाईंनी वापरला तो नही, नवा. कौतिकचं नाव पुसून माझं टाकतो. अक्षरं तरी नीट दिसतील.

बेबाबाई : पाटी मागून. आधी टिचकी मारा, भाऊ. माझ्या बोटाला वळ उठू लागला.