कुंपण आणि आरसा

…नाहीतर काय, तोंड नाही का माणसाला? "नको" म्हणायला कितीसा वेळ लागतो? तुम्हाला सांगते, आमच्याकडे केस 'बारीक' म्हटलं की बारीक, 'मध्यम' म्हटलं की मध्यम, संपला विषय. या नव्या गावातला न्हावी ह्यांना विचारतो, "कुंपण काढू ना?" आता कळलं नाही तर विचारावं ना, बाबा रे, कुंपण म्हणजे काय? पण नाही. बाकड्यावर चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर अडाणी कसं दिसायचं… ह्यांनी मान हलवली.

कुंपण म्हणजे काय, तर चारी बाजूंनी भादरलेलं आणि मधोमध गवताचा वाफा!

मी हसले असते हो. पण सोमवारपासून मला शिवणाच्या कारखान्यात कामाला जायचं, आणि दिवसभर अकरा महिन्यांची पोर ह्यांच्याकडे राहायची. ती पोर ह्यांना बघून अशी किंचाळली की माझ्या गळ्याची मिठी सोडेना. ह्यांच्या हातचं पाणीसुद्धा पिईना. मी आपली सारखी तिचं कपाळ चाचपतेय, धास्तीनं ताप तर नाही ना भरला… आणि सासूबाई फोनवर म्हणतात, माझ्या मुलाला काहीही शोभतं. शोभतं ना, मग या सांभाळायला. मनातच म्हटलं.

शनिवारी पोरीला कडेवर घेतलं, ह्यांना पुढे घातलं आणि गेले दुकानात भांडायला. तो मेला शांतपणे वस्तरा पुसत म्हणतो, "त्यात काय ताई, आरसा करून देतो. करू ना?"

आरसा म्हणजे काय? सातवी शिकलेली बाई मी, विचारायला काय झालं होतं? पण बाकड्यावरची सगळी डोकी माझ्याकडे वळली, आणि तुम्हाला सांगते… मी मान हलवली.

दहा मिनिटांत ह्यांचं डोकं दिव्यासारखं चकाकायला लागलं. मला तिथंच रडू फुटणार, तेवढ्यात पोरीनं हात पुढे केला, त्या टकलावरनं फिरवला, मग आपल्या डोक्यावरनं. तिलाही कुठे धड केस आहेत? खुदकन हसली आणि गेली की बापाकडे!

सोमवारी संध्याकाळी पाठ मोडून घरी आले, हात पसरले, म्हटलं, येतेस ना आईकडे? बाईसाहेबांनी माझ्या केसांकडे बघितलं, बापाचं टक्कल घट्ट धरलं आणि मान हलवली.

आमच्या घरात 'नाही' अशी मान हलवणारं पहिलंच माणूस.