पुढचं दार वाजवायचं

हाडांच्या दवाखान्यात शिवणकामवाल्या ताई मनगट धरून नंबराची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या, एक म्हातारी, एक तरुण.

"काकू, आम्ही घर सोडतोय. वर चढावर खोली मिळाली."

"बरं केलंस. पोरं लहान आहेत."

"रागावलात?"

"रागावू कशाला गं? मागच्या पुरात तू दार वाजवलंस, म्हणून तर यांना गच्चीवर नेता आलं."

"सगळ्यांनी ठरवलंच होतं ना, पाणी वाढलं की ज्याने त्याने पुढचं दार वाजवायचं."

"तुला सुतारकाका उठवायचे."

"ते गेले लेकीकडे. नदीकडून पहिलं दार आता आमचंच आहे."

"म्हणजे यापुढे आमचं."

"भोंगा आहे की पुलावर."

"तो विजेवर चालतो. वीजच आधी जाते."

"तुम्हीही चला ना कुठेतरी."

"अंथरुणाला खिळलेल्या माणसासकट कोण ठेवून घेतंय? दोन ठिकाणी विचारून झालं."

"मग कसं करणार?"

"रात्री दारात बसेन, पाय खालच्या पायरीवर सोडून. डोळा लागला तरी पाणी पायाला लागेलच."

"आणि काकांना उचलणार कोण? मागच्या वेळी चौघं लागली होती."

"ती चौघं आता आहेत कुठे?"

"तेच म्हणते मी. पाणी लागल्यावर तुम्ही एकट्या करणार काय?"

"आत जाऊन यांच्याजवळ बसेन."

ताईंचा नंबर पुकारला. दुसऱ्यांदा पुकारला, तेव्हा त्या उठल्या.